बाबली तांडेलांनी होडी वळवली नाही

पुळणीवर खुर्ची टाकून बसलेल्या नटाच्या अंगात सुशांतचा शर्ट होता.

किशोरी बाजारात मासे विकून रिकामी पाटी घेऊन परत येत होती, ती जागच्या जागी थांबली. निळ्या चौकड्यांचा, खांद्यावर उन्हाने विटलेला. खिसा उसवला तेव्हा घरात निळा दोरा नव्हता म्हणून तिनेच तो पांढऱ्या दोऱ्याने शिवला होता. ते टाके लांबूनही दिसत होते.

"हा शर्ट तुम्हाला कुणी दिला?" तिने विचारलं. मुंबईच्या माणसांशी ती शाळेतलं मराठी बोले.

"होडीवाल्या बाबांनी," नट म्हणाला. त्याचं नाव कौस्तुभ. साधा मुलगा होता, आल्यापासून गावात सगळ्यांशी हसून बोलत होता. "आमच्याकडचा फारच कोरा दिसत होता. ते म्हणाले, थांबा, माझ्याकडे आहे एक. का हो, काही चुकलं का?"

किशोरीने होडीकडे बघितलं. तिचे सासरे, बाबली तांडेल, पाण्याच्या कडेला होडीत वाकून मशीनची दोरी बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुशांत म्हणजे किशोरीचा नवरा, बाबलींचा एकुलता एक झील, मुलगा. चार वर्षांपूर्वी बाबलींना ताप आला होता, म्हणून तो जाळी ओढायला एकटाच गेला. दुपारनंतर वारा फिरला. होडी समुद्रात घुसलेल्या सड्याच्या टोकापलीकडे, खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, उपडी सापडली. सुशांत सापडला नाही. तेव्हापासून त्या घरात 'मेला' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. 'सुशांत गेलो तेवा' असं म्हणायचे, आणि गेलो म्हणजे बाजाराला गेल्यासारखं म्हणायचे. क्रियाकर्म झालं नव्हतं. दर्भाचा पुतळा करून विधी उरकून घ्या, असं भटजी दोनदा सांगून गेले. दोन्ही वेळा बाबलींनी आत चुलीशी बसलेल्या बायकोकडे हात केला. "हिचा मन तयार नाय." गावाला ते पटलं. आईची माया, दुसरं काय. किशोरीलाही पटलं होतं. ती अजून कुंकू लावत होती, आणि बाजारात बायका तिच्याशी बोलताना शब्द निवडून बोलत होत्या.

अशात ही मालिकेची माणसं गावात, मिठबावला आली. दोन हजार सात साल, फेब्रुवारी. मालिका होती समांतर विश्वांची. दर भागात नायिका एका जगातून दुसऱ्या जगात जायची. या भागात तिचा कोळी नवरा समुद्रात बुडालेला असतो. ती दुसऱ्या जगात पोहोचते, तिथे तो बुडालेलाच नसतो, आणि संध्याकाळी होडी घेऊन किनाऱ्याला येतो. ऋजुता नावाची दिग्दर्शिका होती, तिशीची, उन्हाने नाक सोललेली. होडी ठरवायला ती स्वतः बाबलींच्या घरापुढच्या खळ्यात आली होती. गोष्ट काय आहे असं बाबलींनी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, "समजा, एका जगात त्या दिवशी वारा सुटला. पण शेजारीच दुसरं जग आहे, तिथे नाही सुटला. तिथे सगळं असंच आहे, हीच माणसं, हेच घर. फक्त तिथे तो घरी आला."

त्या घरात काय घडलं होतं ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पाणी घेऊन आलेली किशोरी दारातच उभी राहिली.

बाबली बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मगे थंयसर जावचा कसा?"

तिथे जायचं कसं, हे ऐकून ऋजुता हसली. तिच्याबरोबरची पोरंही हसली. बाबली हसले नाहीत.

आता सूर्य खाली आला होता आणि सगळ्यांची धावपळ चालली होती. कौस्तुभला होडीत बसवून बाबलींनी आत जायचं, बऱ्यापैकी आत गेल्यावर किनाऱ्यावरून लाल फडकं हलवायचं, की होडी वळवून सरळ परत. बाबलींनी मागे खाली वाकून बसायचं, म्हणजे चित्रात एकटा नट दिसेल. इतकंच काम.

"बाबानू," किशोरी पाण्यात दोन पावलं गेली. "शर्ट कित्याक दिलात?"

"पडान होतो पेटयेत," बाबली म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

होडी निघाली. पुढे कौस्तुभ उभा, उन्हाकडे तोंड. किशोरीने बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर हलेना. पाठमोरा तो थेट सुशांतसारखा दिसत होता.

फडकं हललं. होडी वळली नाही.

"दिसलं नसेल," ऋजुता म्हणाली. "पुन्हा हलव."

पुन्हा हललं. होडी तशीच पुढे. मशीनचा आवाज बारीक होत चालला. कॅमेऱ्याजवळचा माणूस पुटपुटला, "ऊन जातंय." मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की प्रश्न उन्हाचा राहिलेला नाही. कौस्तुभ मागे वळून हात हलवत होता, आणि होडी सड्याच्या टोकाकडे जात होती.

"त्यांच्याकडे मोबाइल?"

"कौस्तुभचा माझ्याजवळ आहे, मॅडम. चित्रात खिसा फुगलेला दिसला असता."

होडी टोकाआड गेली. समुद्र मोकळा राहिला, आणि वायव्येकडून वारा यायला लागला. पाण्यावर पांढरं फुटायला लागलं.

किशोरीच्या खांद्याला कुणीतरी धरलं. सासू होती, सावित्री. घरून तशीच धावत आली होती, हाताला पीठ.

"पेटी उघडी दिसली म्हणान इलंय. शर्ट तेंनी नेल्यानी?"

"होय. आये, बाबा टोकाकडे गेले. फडक्याक बगूक नायत."

सावित्री वाळूत बसली नाही, रडली नाही. ती म्हणाली, "चार वर्सां माजा नाव फुडे करून तेंनीच कार्य होवक दिल्यानी नाय गो. माका पयल्याच दिवशी कळलेला. आवशीक कळता. मी गप रवलंय, तेंका आधार व्हयो होतो म्हणान."

म्हणजे ती आईची माया नव्हती, कार्य सासऱ्यांनीच अडवलं होतं; आईला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. पाटी टाकून किशोरी गंगारामच्या होडीकडे धावली. गंगाराम त्यांचा शेजारी, होडीला नवी मशीन बसवलेला. त्याला काही सांगावं लागलं नाही, तो होडी पाण्यात लोटतच होता.

"तू रव हयसर," तो म्हणाला. "बाईमाणसाचा काम नाय. वारो बग."

"माझो सासरो आसा तो," किशोरी म्हणाली. तोवर ती कमरेएवढ्या पाण्यात होती. ती चढली.

टोक ओलांडल्यावर लाटा आडव्या यायला लागल्या. पाणी तोंडावर उडत होतं, डोळे चुरचुरत होते. किशोरीने आयुष्य किनाऱ्यावर काढलं होतं, पण इथवर ती कधी आली नव्हती. इथेच होडी सापडली होती हे तिने फक्त ऐकलं होतं. काळी खडपं वर यायची, पाण्याखाली जायची, पुन्हा वर यायची.

"तां बग," गंगाराम ओरडला.

बाबलींची होडी मशीन बंद करून डोलत होती, आणि प्रत्येक लाटेबरोबर खडपाकडे सरकत होती. कौस्तुभ पुढच्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसला होता. बाबली मागे शांत बसले होते, देवळाच्या पायरीवर बसावं तसे. मांडीवर वल्हं आडवं.

गंगारामने होडी बाजूला आणली आणि दोर फेकला. दोर बाबलींच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला नाही.

"तू कित्याक इलंस गो?" ते किशोरीला म्हणाले. "आमी येतंव मा. जरा थांबलंव. ह्याका इचारतंय, इतके दिवस खंय होतंस, तर सांगना नाय."

"ताई," कौस्तुभचे दात वाजत होते. "आधी मला वाटलं, तालीम करतायत. ते मला सुशांत म्हणतायत. मी त्यांना सांगतोय मी कोण ते, पण..." त्याने खडपाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी सुशांत म्हणूनच बोलू का? घरी जाऊया म्हणतो. माझं ऐकतील ते."

गंगाराम मागून म्हणाला, "बोलांदे गो. आधी हयसून भायर पडाया."

किशोरीने सासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतकं निवांत तोंड तिने चार वर्षांत बघितलं नव्हतं. एका शब्दाचं काम होतं. बाबलींनी लगेच मशीन चालू केलं असतं, हसत हसत होडी किनाऱ्याला लावली असती. आणि मग? हा मुलगा उतरला असता, शर्ट बदलून गाडीत बसून मुंबईला गेला असता. झील पुन्हा गेला असता, आणि या वेळी डोळ्यांदेखत.

"नको," ती म्हणाली.

लाट खाली गेली तशी तिने त्या होडीत उडी टाकली. ती गुडघ्यांवर आपटली, रक्त आलं. ओणव्यानेच ती पुढे सरकली आणि तिने सासऱ्यांचे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत तिने त्यांना पाया पडण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता.

"बाबानू, सुशांत मेलो."

"काय बोललंस?"

"मेलो, बाबानू. ह्याच पाण्यात. चार वर्सां झाली."

बाबलींनी हात हिसडून सोडवले आणि वल्हं उचललं. गंगाराम ओरडला. किशोरी मागे सरली नाही. सरायला जागाही नव्हती. तिला वाटलं, आता हे आपल्या डोक्यात बसणार. बसू दे.

"माझो घोव होतो तो," ती म्हणाली. तिला आता रडू आवरेना. "माका नको काय येवक? पण ह्यो तो न्हय. ह्यो दुसऱ्या कोणाचो झील आसा, बाबानू. तेचीव आवस वाट बगता आसतली."

बाबलींनी कौस्तुभकडे बघितलं. पहिल्यांदाच बघावं तसं बघितलं. भिजलेला, थंडीने काळानिळा पडलेला परका पोरगा.

तेवढ्यात होडीची उलांडी, तोलासाठी बाजूला बांधलेला ओंडका, खडपावर घासली. करकर असा आवाज झाला आणि होडी एका अंगाला कलली. बाबलींचं वल्हं वरच होतं. ते खाली आलं, किशोरीच्या डोक्यावर नाही, तिच्या कानाजवळून पाण्यात गेलं आणि खडपाला टेकलं. सगळं अंग लावून त्यांनी रेटा दिला. "दोर घे!" ते कौस्तुभवर खेकसले. "फुडल्या खुट्याक बांद! बगतस काय?"

कौस्तुभने कसाबसा दोर बांधला. किशोरीने दुसरं वल्हं घेतलं आणि सासरे दाखवतील तिथे रेटत राहिली. गंगारामने मशीन फुल केलं. होडी एकदा मागे ओढली गेली, पुन्हा खडपाला लागली, मग सुटली.

परतताना बाबलींनी तोंड समुद्राकडे केलं होतं.

किनाऱ्यावर सावित्री गुडघाभर पाण्यात उभी होती. ऋजुता तिच्याजवळ, तोंड पांढरंफटक. गावातल्या कुणीतरी तिला तोवर सगळं सांगितलं होतं. सावित्रीने त्या शर्टाकडे नजरही टाकली नाही. तिने नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला उतरवलं. उतरल्यावर बाबली तिथेच, पाण्यातच, खाली बसले.

"सापडलो नाय गो," ते म्हणाले.

"नाय सापडाचो," सावित्री म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. दोघं मग कितीतरी वेळ तशीच बसून होती, आणि येणारी भरती त्यांच्या लुगड्याधोतरातून जात होती.

दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग गंगारामच्या होडीवर उरकला. कौस्तुभ निघताना घरी येऊन धुतलेला शर्ट देऊन गेला. जाताना वाकून सावित्रीच्या पाया पडला. ऋजुता अंगणाबाहेरच उभी राहिली. किशोरी तिच्याकडे गेली, तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत असतं तर मी ही गोष्ट त्यांना अशी सांगितली नसती."

"तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत," किशोरी म्हणाली. रागाने नाही, पण म्हणाली. ऋजुताने मान हलवली.

पुढच्या अमावास्येला भटजींना बोलावलं. कार्य झालं. किशोरीने मंगळसूत्र आपल्या हाताने काढलं. कुंकू मात्र सावित्रीने तिला पुसू दिलं नाही. "माझ्या घरात तां होवचा नाय," असं तिने चार बायकांसमोर सांगितलं, आणि सावित्रीसमोर बोलायची कुणाची छाती झाली नाही.

बाबली त्यानंतर पुन्हा समुद्रावर जायला लागले, टोकापलीकडेही जायला लागले. पण सुनेशी ते बोलेनात. जेवण वाढलं तर जेवायचे, मासे पाटीत ओतायचे, शब्द नाही. किशोरीला ते होडीत उचललेल्या वल्ह्यापेक्षा जड गेलं. आपण जे बोललो ते बोलायला हवं होतं की नको, असं तिला कितीदा वाटलं. उत्तर एकच यायचं, आणि त्याने बरं काही वाटायचं नाही.

पावसात होड्या वर ओढलेल्या असताना तो भाग टीव्हीवर आला. गंगारामच्या घरी अख्खी आवाट, सगळी वाडी, जमली. बाबली येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण ते आले आणि भिंतीला टेकून बसले. पडद्यावर नायिका वाळूत उभी होती, पलीकडून होडी येत होती, ऊन पाण्यावर सांडलं होतं. गंगाराम टीव्ही बंद करायला उठला.

"रवांदे," बाबली म्हणाले.

होडी किनाऱ्याला लागली. तो माणूस खाली उतरला, ती बाई त्याच्याकडे धावत गेली.

"बरा झाला," बाबली हळूच म्हणाले. "थंयसर तरी इलो."

सावित्रीने पदर तोंडाला लावला. बाबली उठले, दारात गेले, बाहेरचा पाऊस बघितला. मग मागे वळून म्हणाले, "किशोरी, बॅटरी घे गो. वाटेर पाणी आसतला. आवशीचो हात धर."

"होय, बाबानू," ती म्हणाली आणि उठली.