दुसरी हाक

मोहफुलं वेचायला गेलं की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा बायांचा नियम. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारेल. जंगल एकदाच मारतं. यात शहाणपणा किती आणि खुळेपणा किती, ते घरी बसून चहा पिणाऱ्यांनी ठरवावं. पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईला तेवढी सवड नसते.

कलाबाईच्या घरी खरं तर असलं काही चालायचं नाही. भिंतीवर बुद्धाचा फोटो, नवरा शालिकराम विहाराच्या कमिटीत. भुताखेताचं नाव काढणाऱ्याला तो दारातच फैलावर घ्यायचा. कलाबाईही मानत नव्हती. पण लग्न होऊन आल्यापासून ती बायांसोबत जंगलात जायची, आणि तिथं पहिल्या हाकेला तिचं तोंड आपोआप मिटायचं. सवय ती सवय.

मागल्या चैतात ती आणि तिची धाकटी जाऊ अल्का फुलं वेचत होत्या. अल्का डाव्या हाताला, पळसाच्या झुडपापलीकडे. तिकडून अल्काच्या आवाजात हाक आली, "वो बाई." कलाबाई खाली मान घालून वेचत राहिली, दुसऱ्या हाकेची वाट पाहत. ती आलीच नाही. जाऊन बघते तर टोपली उलटी, फुलं सांडलेली, आणि नाल्याकडे ओढत नेल्याची खूण. वाघानं नेलं होतं.

प्रेत तपासून डॉक्टर म्हणाले, नरडंच धरलं, तोंडातून आवाजही निघाला नसेल. लोक म्हणाले, चला, तेवढं तरी बरं. कलाबाईला मात्र डॉक्टर खोटारडा वाटला. आवाज तिनं आपल्या कानांनी ऐकला होता. अल्कानं बोलावलं आणि आपण खुळ्या नियमापायी तोंड शिवून बसलो, झालं. शालिकराम एकदाच बोलला, पण वर्मी बोलला: "आपल्या घरी हे मानत नाही ना, मंग तू गप काऊन रायली?"

त्यानंतर तिला कोणाच्याच हाकेला ओ देता येईना. नाव ऐकलं की दातखीळ बसायची. अल्काची पोर मैत्री आता तिच्याच पदराखाली होती. पोर "मोठी आई" म्हणून हाका मारायची, मारत राहायची, आणि शेवटी रडत कोपऱ्यात जाऊन बसायची. कलाबाईचा जीव तीळतीळ तुटायचा, पण जबडा हलायचा नाही. आई गेली ती गेली, दुसरीही मुकी झाली, असं त्या पोरीचं झालं होतं.

गावच्या आशाताईनं फुलचूरच्या रश्मी मॅडमचं नाव सुचवलं. मनाच्या दुखण्यांवरचे उपचार नागपुरात शिकून आलेली, वरच्या मजल्यावर खोली, खिडकीतून बिरसी विमानतळाची शिकाऊ विमानं घिरट्या घालताना दिसायची. मॅडम दोन बोटं डोळ्यांपुढं धरायची आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे न्यायची. कलाबाईनं मान हलवायची नाही, नुसत्या डोळ्यांनी बोटांच्या मागं जायचं, आणि मनात ती सकाळ उभी करायची. येईल ते येऊ द्यायचं. कलाबाईला आधी हसूच आलं. जन्मभर मांत्रिकांना शिव्या घालणाऱ्या नवऱ्यानं आपल्याला बोटं नाचवणाऱ्या बाईपुढं आणून बसवलं! मॅडमनं समजावलं की यात जादू नाही, अडकलेली आठवण हळूहळू आपल्या जागी बसते.

आणि बसत गेली. झोप येऊ लागली, घास घशाखाली उतरू लागला. मग एका दुपारी बोटं डावीकडे गेली आणि डोळ्याच्या कोपऱ्यात तो पळस उभा राहिला. माकडं खाकरली. झुडूप हललं. टोपली उलटली, अल्काची हिरवी साडी नाल्याकडे सरकत गेली, आणि यात कुठेच आवाज नव्हता. सगळं थांबलं. मग त्या रिकाम्या झुडपामागून, सावकाश, अल्काच्याच गळ्यानं हाक आली.

"मॅडम, हाक मंग आली," कलाबाई म्हणाली. "अल्का गेल्यावर."

मॅडमला आनंद झाला. म्हणजे वाचवायला वेळच नव्हता, दोष तुमचा नव्हताच, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली. कलाबाई ढसाढसा रडली. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून नेल्यागत तिला हलकं वाटलं. डोळे पुसता पुसता तिनं विचारलं, "मंग हाक मारली कोनं?"

मन आवाज तयार करतं, मॅडम म्हणाली, आणि अजून एकदा करू म्हणून तिनं बोटं वर धरली. बोटं डावीकडे गेली, उजवीकडे आली.

"वो बाई."

मॅडमची बोटं अधांतरी थांबली. तिनं दाराकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, तुमच्यासोबत कोणी आलंय का? कोणी आलं नव्हतं. शालिकराम बाजारात गेला होता.

कलाबाईला भीती वाटली. पण घरी ती पोर कोपऱ्यात बसून होती. इथं तोंड उघडलं नाही तर तिथं कधीच उघडणार नाही, हे तिला पक्कं कळलं. शिवाय दुसऱ्या हाकेला ओ द्यायची, हाही नियमच.

"ओ," ती म्हणाली. जबडा सुटला.

सांजेला घरी पोचली तर मैत्री अंगणात. पोरीनं जुन्या सवयीनं, आशा न ठेवता हाक मारली, आणि कलाबाईनं ओ दिली. पोर बघतच राहिली. मग हसली, पुन्हा हाक मारली, पुन्हा ओ आली. दोघींना तो खेळच लागला. शालिकराम ओसरीवर तोंड फिरवून डोळे पुसत होता. किती दिवसांनी त्या घराला घरपण आलं होतं.

तेवढ्यात परसातून, वाळत घातलेल्या मोहफुलांच्या बाजूनं, सावकाश हाक आली, "मैत्री."

एकदाच. कलाबाईनं झेप घेऊन पोरीच्या तोंडावर हात ठेवला. पण आईचा आवाज कोणतं लेकरू विसरतं? पोरीनं आधीच ओ दिली होती.