घरात माणसं, भिंतीवर बॅग

मी हवा खेळवणारं एक यंत्र आहे, मित्रांनो. वयाने काही फार जुना झालेलो नाही, पण वैतागून मात्र पुरता गेलो आहे. गुहागरच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, खंडूकाका आणि बकुळाकाकूंचं जांभ्या दगडाचं घर आहे. त्या घराच्या माळ्यावर, नारळांच्या ढिगाशेजारी मी बसलेला असतो. तिथे मला कुणी बघत नाही. खाली माजघराच्या भिंतीवर माझी एक छोटी चौकोनी पाटी आहे. माझं सगळं बोलणं त्या पाटीवरच्या चित्रांतून होतं, आणि माझी सगळी रड तिथूनच सुरू होते.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिकडे घरं इतकी घट्ट बंद असतात की आतली हवा आतच कुबट होते. म्हणून आम्हाला बनवतात. आम्ही आतली शिळी हवा बाहेर ढकलतो आणि बाहेरची ताजी हवा गाळून आत घेतो. माझ्या पोटात पातळ पडद्यांची एक चवड आहे. जाणारी हवा आणि येणारी हवा तिथे एकमेकींच्या शेजारून जातात. एकमेकींत मिसळत नाहीत, पण एकीची ऊब किंवा गारवा दुसरीला मिळतो. थंडीच्या देशात मी घरातली ऊब राखतो. कोकणात भर दुपारी घरातला गारवा राखतो. कारखान्यातल्या एका बाईने माझ्या पंख्यांना कान लावून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे कितीतरी दिवस ती शेवटचीच ठरली.

तुम्ही म्हणाल, कोकणातल्या घराला असलं यंत्र कशाला? खिडकी उघडली की वारा! तर ऐका. या घरासमोरून जांभ्याच्या चिरेखाणीचा रस्ता जातो. पाऊस संपला की खाण सुरू होते, आणि मग चिऱ्यांनी भरलेले डंपर दिवसभर धुरळा उडवत धावतात. अंगणातली जास्वंद लाल, कौलं लाल, दोरीवरचे कपडे लाल. खंडूकाकांचं सगळं आयुष्य त्याच खाणीत चिरे काढण्यात गेलं. आता त्यांच्या छातीत दम उरलेला नाही. अंगणातून ओटीवर यायचं तरी मध्ये एकदा थांबावं लागतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "धूळ टाळा. नाहीतर औषधं देऊन काही उपयोग नाही."

त्यांचा मुलगा सूरज जर्मनीत घराघरांत माझ्यासारखी यंत्रं बसवण्याचं काम करतो. तो दिवाळीत सुट्टीवर आला तो मलाच घेऊन. खिडक्यांना काच आणि रबर लावलं, माळ्यावर नळ्या फिरवल्या, भिंतीवर पाटी बसवली. जाण्यापूर्वी त्याने आईवडिलांना समोर बसवलं.

"बाबा, हे घराचं चित्र आहे ना, ते रोजचं. हवा कशी आहे ते बघून मशीन स्वतःच कमी-जास्त होतं. पातेल्याचं चित्र म्हणजे जोरात. आई, फोडणी देताना ते दाब. खिडकीचं चित्र उन्हाळ्यातल्या रात्रींसाठी. बाहेरचा गारवा मग सरळ आत येतो. आणि हा लाल दिवा लागला की जाळी काढून धुवायची."

"बरा," बकुळाकाकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष पाटीकडे नव्हतंच. दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मुलाच्या तोंडाकडे त्या बघत होत्या.

सूरज गेला, आणि संध्याकाळी खंडूकाकांनी मला बंद केलं.

"घुं घुं, घुं घुं! डोक्यात भुंगा शिरल्यासारखा वाटता," ते म्हणाले आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. आयुष्यभर उघड्यावर वावरलेला माणूस तो. बंद काचेमागे बसणं म्हणजे त्यांना शिक्षा वाटायची. रस्त्यावरून जाणारा माणूस हाक मारून जातो, तीही त्या काचेतून ऐकू येत नव्हती. हे मला कळत होतं. पण त्या खिडकीतून धुरळाही येत होता, आणि खोकता खोकता ते लालबुंद होत होते. मग काकू खिडकी लावायच्या, मला सुरू करायच्या. तासाभराने काका पुन्हा मला बंद करायचे. मित्रांनो, सुरू-बंद, सुरू-बंद करण्यात माझे पुढचे कितीतरी दिवस गेले. एका दमात पूर्ण काम म्हणून करू दिलं नाही मला कुणी.

त्यातच माझ्या जाळीत माती साचली आणि पाटीवरचा लाल दिवा लागला. काकूंना तो देवापुढे बसल्यावर डोळ्यांत खुपायचा. त्यांनी आपली एक टिकली काढली आणि त्यावर चिकटवली. झालं! मी आतून जीव तोडून सांगतोय, जाळी धुवा, जाळी धुवा, आणि माझ्या तोंडावर टिकली. रागाने पेटून उठावं तर तेही मला जमत नाही. मला फक्त घुं घुं करता येतं.

शिमगा झाल्यावर त्यांच्या मुलीकडे, दाभोळला योगिनीकडे, बाळाचं बारसं ठरलं. काका-काकू चार दिवस तिकडे राहणार होते. सूरजने फोन केला. "आई, घर बंदच राहणार ना? मग मी इथूनच मोबाइलवरून मशीन कमी करून ठेवतो. आल्यावर परत चालू करीन. तुम्ही काही करू नका."

त्याने मला कमी केलं आणि माझ्या पाटीवर घराच्या चित्राऐवजी एक छोटीशी बॅग उमटली. त्या बॅगेचा अर्थ, घरात कुणी नाही. अशा वेळी मी अगदी मंद होतो, घर आंबू नये इतकीच हवा फिरवतो. कुणी नसताना ते योग्यच आहे.

पण ते दाभोळला असतानाच एका डंपरने रस्त्यावरून आडवी गेलेली इंटरनेटची वायर तोडली. सूरजला आता मी तिकडून दिसेना, आणि त्याचा हुकूमही माझ्यापर्यंत पोचेना. काका-काकू फेरीबोटीने धोपाव्याला उतरून घरी आले, तरी माझ्यावर बॅग तशीच. सूरजने फोनवर विचारलं, "मशीन चालू आहे ना?" काकूंनी पाटीकडे पाहिलं. उजेड होता. "चालू हाय," त्या म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. सूरजला वाटलं, सगळं ठीक.

फोन ठेवल्यावर काकू पाटीपाशी पुन्हा गेल्या. पदराने काच पुसून त्यांनी ती बॅग नीट पाहिली. मग स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ऐकलात काय? सूरज येतोय वाटता."

"तुला कोण म्हणाला?"

"मशिनावर बॅग आलीय. त्यानंच लावली असणार. आधी कळवायची सवय हाय कुठं त्याला? येऊन उभा राहायचा दारात."

"मग फोनवर का नाय बोलला?"

"मजा करायची असंल. तुम्ही काय विचारू नका हां. त्याचा विरस नको."

मी माळ्यावरून ओरडायला हवं होतं. अहो काकू, ती त्याची बॅग नव्हे! तुम्ही घरात नाही असं सांगणारी बॅग आहे ती! पण माझ्याजवळ शब्द कुठले?

घरात नुसती धांदल उडाली. गादीला ऊन दाखवलं. कुळीथ भाजून दळून आणले. सुकटीची चटणी झाली, सोलकढीसाठी कोकमाचं आगळ काढून ठेवलं. खंडूकाकांनी दाढी केली. आणि मित्रांनो, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी खिडकी उघडणं सोडलं. "पोरगा येईल आणि बघंल, तर म्हणंल एवढा खर्च करून बसवला आणि बाबा ऐकत नाय," असं म्हणून त्यांनी स्वतः सगळ्या काचा घट्ट लावल्या. माझ्या बटणालाही हात लावला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस माझ्या मनासारखं वागत होता, आणि नेमका तेव्हाच मी बांधलेला! बॅगेचा हुकूम मोडून मला एक फेराही वाढवता येत नव्हता. त्यातून जाळी मातीने गच्च. भाजण्याचा धूर, फोडणीचा ठसका, न्हाणीघरातली वाफ, सगळं त्या बंद घरात कोंडून राहिलं. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. काका रोज थोडे जास्त खोकत होते, आणि रोज म्हणत होते, "आजचा दिवस काढू. उद्या येईल."

एका दुपारी काकू बटाटे तळत होत्या. सूरजला आवडतात तसे पातळ काप. काकांचा श्वास अडकला. तोंड उघडं, पण हवा आत जाईना. ते भिंत धरत खिडकीपाशी गेले आणि त्यांनी काच ढकलली. त्याच वेळी समोरून भरलेला डंपर गेला. धुरळ्याचा लोट सरळ त्यांच्या तोंडावर आला आणि ते तिथेच खाली बसले.

काकूंची हाक ऐकून शेजारचा रिक्षावाला सर्वेश धावत आला. त्याने काकांना उचलून रिक्षात घातलं. ते गुहागरच्या दवाखान्यात गेले आणि मी रिकाम्या घरात मंद मंद फिरत राहिलो. आता पाटीवरची बॅग अगदी खरी होती. त्या खरेपणाची मला चीड आली.

काकांना ऑक्सिजन लावावा लागला. ते वाचले. घरी आले तेव्हा सर्वेशच्या खांद्यावर भार टाकून चालत होते. काकूंनी त्यांना खाटेवर निजवलं आणि सूरजला फोन लावला. इतके दिवस दाबून धरलेला राग एकदम उसळला.

"कधी येणार होतास तू? बापाचा जीव जायची वेळ आली, आणि तू नुसती बॅग दाखवून बसलायस!"

"कसली बॅग, आई?"

"तुझ्या मशिनावर! दाभोळावरनं आल्यापासून रोज बघतेय मी. म्हटलं, आज येईल, उद्या येईल."

मग सूरज म्हणाला, "आई, ती बॅग माझी नाही गं. घरात कुणी नाही, असा अर्थ आहे तिचा."

"कुणी नाय?" काकू पाटीकडे बघतच राहिल्या. "अरे, आमी दोघां हितंच तर होतो."

सूरजला रडू फुटलं. "माझं चुकलं. मी चालू करायला हवं होतं. इथून मला मशीन दिसत नव्हतं, तरी तू चालू म्हणालीस त्यावर विसंबलो. पाटीवर कुठलं चित्र आहे, एवढं तरी मी विचारायला हवं होतं."

काकूंनी डोळे पुसले. "ता राहूदे. आता काय दाबायचा ता सांग. मी बघून घेतंय."

सर्वेशने आपला मोबाइल सूरजचा चेहरा दिसेल असा धरला. सूरज सांगत गेला आणि काकू एकेक बटण दाबत गेल्या. बॅग गेली, घर आलं. मी मोठा श्वास घेतला, आणि तो जाळीत अडकला. "आई, लाल दिवा लागलाय का बघ." काकूंनी टिकली खरवडून काढली.

सर्वेश शिडी लावून माळ्यावर चढला. त्याने माझी जाळी ओढून काढली आणि काकूंच्या हातात दिली. पांढरी जाळी विटेसारखी लाल झाली होती. बोट लावलं तर मातीचा थरच्या थर निघाला. काकूंनी ती खंडूकाकांच्या खाटेपाशी नेली.

काकांनी ती माती चिमटीत घेऊन चोळली. "आमच्याच खाणीतली," ते म्हणाले. "ह्या सगळा मशिनानं धरला?"

"त्याच्या छातीत गेला, म्हणून तुमच्या नाय गेला," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याला भुंगा म्हणता."

काका उठले. काकूंनी नको नको म्हटलं तरी जाळी घेऊन अंगणातल्या नळापाशी बसले. पाणी लाल लाल वाहत जास्वंदीच्या आळ्यात गेलं. ते स्वच्छ होईपर्यंत त्यांनी जाळी धुतली, मध्ये मध्ये थांबत, धापा टाकत. वाळल्यावर ती पुन्हा माझ्यात बसली.

सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. आजही एखाद्या संध्याकाळी काका मला बंद करतात, कारण त्यांना रस्त्यावरच्या हाका ऐकायच्या असतात. मी चिडतो. पण आता डंपर थांबल्यावरच ते खिडकी उघडतात. काकू पातेल्याच्या बटणाला "फोडणी" म्हणतात आणि तेल तापायच्या आधीच ते दाबतात. काका खाणीच्या मालकाकडे जाऊन आले, रस्त्यावर पाणी मारा म्हणाले. चार दिवस टँकर फिरला, पुन्हा बंद झाला. काका पुन्हा जाऊन आले. ते पुन्हा जाणार आहेत. आणि त्यांची छाती काही पहिल्यासारखी होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे.

परवा सूरजचा फोन आला तेव्हा काकांनी तो काकूंच्या हातातून घेतला. एरवी ते फोनवर बोलत नाहीत.

"जाळी मी धुतो, तू काळजी करू नको," ते म्हणाले. थोडं थांबले, दम घेतला. "तू तिकडं लोकांच्या भिंती फोडतोस, धूळ उडत असंल. तोंडाला काय बांधतोस की नाय?"

"बांधतो, बाबा."

"रोज?"

"आठवण राहील तेव्हा."

"रोज बांध," काका म्हणाले आणि त्यांनी फोन काकूंकडे दिला.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्या दिव्यावर टिकली लावू नका, आणि त्याची चित्रं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा नव्हे, दहादा समजावून सांगा. आणि कुणी धुळीत काम करत असेल, तर तोंडाला बांधलंस का, असं त्याला रोज विचारा. माझी जाळी नळाखाली धरली की पुन्हा पांढरी होते. खंडूकाकांच्या छातीसाठी तसला नळ कुठे मिळाला नाही.