काटेसाहेबांची आवाजतपासणी

काटेसाहेबांनी उजव्या कानात बोट घातलं, डावा कान यंत्राला चिकटवला आणि डोळे मिटले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती बोलता बोलता थांबली आणि बघत राहिली.

“साहेब, हे नाकाला लावायचं असतं,” दुकानदारीण म्हणाली.

“माहीत आहे. नाक माझं आहे, पण कान दुसऱ्याचे आहेत.”

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडल्यावर लोकांनी त्यांचं खरं आडनाव सोडून दिलं, आणि त्यांनीही ते परत मागितलं नाही. अगदी नाकासमोर चालणारा माणूस. साठी उलटल्यावर त्याच नाकाने दगा दिला. झोपेत तासाला चौतीस वेळा श्वास अडतो, असं तपासणीत निघालं. डॉक्टर हे गंभीर चेहऱ्याने सांगत होते आणि साहेब मनातून सुखावत होते, कारण त्यांच्या घोरण्याबद्दल आजवर कुणी आकड्यात बोललं नव्हतं. ‘फार घोरता’ म्हणजे नक्की किती, याचा काही पत्ताच लागत नसे. आता आकडा मिळाला होता आणि उपायही मिळाला होता. यंत्र उशाशी ठेवायचं, त्याची नळी नाकावरच्या मुखवट्याला जोडायची, आणि ते रात्रभर हवा ढकलत राहणार. मग घसा मिटणार नाही, श्वास अडणार नाही आणि घोरणंही बंद.

त्यातल्या ‘घोरणं बंद’वर साहेबांचा सगळा जीव अडकला होता. त्यांच्या बायकोला सगळं गाव बाई म्हणे, कारण ती शाळेत शिक्षिका होती. पुढे साहेबही इतरांसमोर तिचा उल्लेख तसाच करू लागले. अकरा वर्षांपूर्वी लेक नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, “दोन दिवस तिच्या खोलीत झोपते. जरा डोळ्याला डोळा लागेल.” ते दोन दिवस अजून संपले नव्हते. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. दिवसभर दोघं एकमेकांच्या पायांत पायांत असत, आणि रात्री दहा वाजले की बाई “येते हं” म्हणत, जणू पाहुण्या आल्या होत्या. साहेबांना बाई परत हव्या होत्या. सकाळी डोळा उघडल्यावर शेजारी कुणीतरी असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण ते मागायला अकरा वर्षांत जीभ उचलली नव्हती. आता मागायची गरजच नव्हती. घोरणं गेलं की बाई येणार, असं त्यांचं सरळ गणित होतं.

हे गणित तीन वेळा चुकलं होतं. दुकानातून यंत्र वापरून बघायला आठवडाभर मिळत असे. पहिलं यंत्र आलं त्या रात्री बाई उशी घेऊन आल्या आणि सकाळी म्हणाल्या, “शिट्टी वाजते हो.” दुसऱ्या यंत्रात हवा ओलसर करायला पाण्याची टाकी होती. त्याबद्दल त्या म्हणाल्या, “कुणाच्या तरी पोटात डचमळतंय असं वाटतं.” तिसरं यंत्र दुकानातलं सगळ्यात शांत होतं. त्या सकाळी बाईंनी बराच विचार केला. “यात घूं आहे,” त्या म्हणाल्या. “बारीक घूं. तुम्हाला नाही कळायचं.” दर वेळी उशी आली तशीच परत गेली.

“पंचवीस डेसिबल आहे साहेब याचा आवाज,” दुकानदारीण म्हणाली. “झाडाचं पान पडलं तरी याच्यापेक्षा जास्त वाजतं.”

“आमच्या खोलीत पानं पडत नाहीत,” साहेब म्हणाले. “तुम्ही असं करा, मला तिन्ही यंत्रं रविवारपुरती द्या. एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच कानावर. त्याशिवाय तुलना होत नाही.”

दुकानदारिणीने तिन्ही यंत्रं दिली. असल्या गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा ते परवडतं, हे तिला तीन आठवड्यांत कळून चुकलं होतं.

रविवारी दुपारी साहेबांनी फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. पडदे ओढले. पलंगामागच्या टेबलावर तिन्ही यंत्रं मांडली आणि बाईंना टेबलाकडे पाठ करून झोपायला सांगितलं.

“डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. एकूण चार फेऱ्या.”

“यंत्रं तीन आहेत ना?”

“एकाची फेरतपासणी.”

ही थाप होती. आयुष्यभर साहेबांनी प्रत्येक काटा आधी रिकाम्या पारड्याने तपासला होता. वजनं नंतर टाकायची. आधी काहीच न टाकता काटा काय म्हणतो ते बघायचं. रिकाम्या पारड्यालाही वजन दाखवत असेल, तर एक तर काटा बिघडलेला असतो, नाहीतर पारड्याखाली कुणाचा तरी अंगठा असतो. म्हणून चारपैकी एका फेरीत यंत्र लावायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बाईंवर संशय वगैरे काही नव्हता. तपासणी अशीच करायची असते.

पहिल्या फेरीला त्यांनी मुखवटा चढवला, बटण दाबलं आणि दोन मिनिटं हातातलं घड्याळ बघत श्वास घेतला.

“शिट्टी,” बाई डोळे मिटून म्हणाल्या. “मागच्यापेक्षा कमी आहे, पण आहे.”

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग मुखवटा काढून टेबलावर ठेवला, दुसऱ्या यंत्राची पिन भिंतीतून उपसली, खटका ऐकू जावा म्हणून त्याचं बटण मात्र दाबलं, आणि तोंड मिटून खुर्चीत बसून राहिले. खोली इतकी शांत झाली की त्यांना स्वतःचं मनगटावरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. एक मिनिट गेलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कूस थोडी बदलली, उशीचं टोक ओढून कानावर घेतलं.

“अहो, बंद करा ते!” त्या म्हणाल्या. “हे तर सगळ्यात वाईट. घूं घूं घूं, थेट मस्तकात जातंय.”

साहेबांनी हातातल्या पिनेकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग पुन्हा पिनेकडे.

“नीट ऐकलंस?”

“माझे कान काय खोटे आहेत का?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तपासणी अर्धवट सोडायची नाही म्हणून साहेबांनी उरलेल्या दोन फेऱ्या केल्या. बाईंनी दोन्ही यंत्रांबद्दल सांगितलं, “दुसऱ्यापेक्षा बरं आहे, पण झोप नाही लागायची.” साहेब ऐकत होते, मान हलवत होते, आणि वहीत काहीच लिहीत नव्हते. एकतीस वर्षांत रिकाम्या पारड्याने त्यांनी कितीतरी लबाड पकडले होते. पकडल्यावर एवढं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तासाभराने चहाचे दोन कप घेऊन ते लेकीच्या खोलीपाशी गेले. दार लोटलेलं होतं. त्यांनी टकटक केली, आणि मग स्वतःचंच आश्चर्य वाटलं, कारण आपल्याच घरात आपण टकटक करतो हे त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

“या की,” बाई म्हणाल्या.

बाई पलंगावर तिरप्या पसरल्या होत्या. डोकं एका कोपऱ्यात, पाय दुसऱ्या कोपऱ्यात. उरलेल्या जागेत अर्धवट विणलेला स्वेटर, चष्म्याचं घर आणि तीन पुस्तकं पालथी पडलेली. उशाशी रेडिओ चालू होता. कुणीतरी शेतीच्या अवजारांबद्दल माहिती देत होतं. खिडकी सताड उघडी होती आणि खाली गॅरेजवाला मोटारीचा पत्रा ठोकत होता. ठाण, ठाण, ठाण. बाई पुस्तक वाचत होत्या. पंचवीस डेसिबल ज्यांच्या मस्तकात जात होतं त्याच बाई.

साहेब कप हातात धरून उभेच राहिले. माहेरी तीन बहिणींत एक गादी, मग वसतिगृहात आठ जणींत एक खोली, मग सासर, मग कुशीत लेक, आणि पलीकडे घोरणारा नवरा. पन्नाशीला आल्यावर बाईंना पहिल्यांदा एक दार मिळालं होतं, जे त्या आपल्या हाताने लोटू शकत होत्या. साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. फक्त एकाशेजारी एक ठेवून त्यांनी ते कधी बघितलं नव्हतं. आता बघितलं आणि त्यांना लागलं. चांगलंच लागलं. मग हळूहळू दुसरीही गोष्ट कळली. आजारी नवऱ्याला तोंडावर ‘मला तिकडे यायचं नाही’ असं कसं म्हणायचं? म्हणून बिचारी तीन आठवडे शिट्ट्या शोधत होती.

“कोण पास झालं?” बाईंनी पाय आवरत विचारलं.

“अजून ठरायचंय.”

“माझ्यापायी उगाच खोळंबा होतोय तुमचा. तुम्ही घ्या हो त्यातलं कुठलंही. श्वास महत्त्वाचा.” बाईंनी पुस्तक मिटलं. मग कडू काढा समोर धरल्यासारखं तोंड करून म्हणाल्या, “मी करीन सवय.”

“चहा घे,” साहेब म्हणाले. “निवतोय.”

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच साहेब तिन्ही यंत्रं घेऊन पायरीवर बसले होते. दुकानदारिणीने कुलूप काढलं आणि मनाची तयारी करून विचारलं, “काय निघालं?”

“तुमच्याकडे सगळ्यात जास्त आवाजाचं कोणतं आहे?”

“कमी आवाजाचं म्हणायचंय ना तुम्हाला?”

“जास्त.”

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. साहेब शुद्धीवर होते. मग तिने स्टूल घेऊन वरच्या फळीवरून एक जाडजूड करडं यंत्र उतरवलं. “हे आहे. पण हे विकायला नाही ठेवलं साहेब. बाकीच्यांचा आवाज किती कमी आहे ते गिऱ्हाइकाला कळावं, म्हणून ठेवलंय.”

“चालतं का नीट?”

“चालायला काय झालं? हत्तीसारखं आहे. दाब सुईच्या टोकाइतका पक्का देतं.” तिने ते चालू केलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने मान वळवून आत बघितलं. “पण साहेब, शेजारी झोपणाऱ्याचे हाल होतील.”

“शेजारी कुणी झोपत नाही,” साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं. म्हणून झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

दुकानदारिणीने नवी नळी दिली, नवा मुखवटा दिला, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला दाब यंत्रात नेमून दिला.

घरी आल्यावर साहेबांनी यंत्र उशाशी मांडलं आणि बटण दाबलं. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“अगं बाई! केवढा हा आवाज!”

“आहे खरा,” साहेब म्हणाले. “पण दाब पक्का आहे. माझ्या नाकाला हेच मानवलं. आता याला इलाज नाही. तुला तिकडेच झोपावं लागणार.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या.

तो ‘अरेरे’ साहेबांनी तपासायला घेतला नाही. बाईंची उशी रविवारपासून त्यांच्या पलंगावर राहिली होती. बोलता बोलता बाईंनी ती उचलली, थोपटली, काखेत मारली. दाराशी जाऊन मात्र थांबल्या. बराच वेळ त्या यंत्राकडे बघत होत्या, मग साहेबांकडे बघितलं.

“येते हं,” त्या म्हणाल्या.

साहेबांना त्या रात्री अशी झोप लागली, जशी नोकरीत रुजू व्हायच्या आधी लागत असे. सकाळी ते ताजेतवाने होऊन बाहेर आले तर बाई टेबलाशी बसल्या होत्या. डोळे सुजलेले होते.

“भिंतीतून ऐकू येतं का ग?” साहेब ओशाळून म्हणाले. “उशी मधे टेकवून बघतो. नाहीतर टेबल दुसऱ्या बाजूला घेतो.”

“नका हो. आहे तसंच राहू दे. ऐकू येतंय तोवर काळजी नाही.” बाईंनी त्यांच्यापुढे कप सरकवला. “पावणेपाचला का थांबलं होतं ते?”

“मी उठलो होतो. पाणी प्यायला.”

“मग सांगायचं की! मी दारापर्यंत आले होते. तेवढ्यात पुन्हा चालू झालं, म्हणून गेले परत.”

“कशाला उठायचं ग त्यासाठी? दोन मिनिटं थांबलं असेल फार तर.”

“चार,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. “चार तर चार,” ते म्हणाले. “उद्यापासून सांगून उठेन.”