घडवंचीवर मेलेला माणूस

घडवंची बोलतेय मी. पोथी ठेवायची घडवंची. हातभर लांब, वीतभर उंच, चार पाय, त्यातला एक आखूड. डुगडुगते म्हणून माझं बोलणं खोटं धरू नका. जन्मभर लोकांचे शब्द पाठीवर वाहिले, आज माझे ऐका. गोड नाहीत, आधीच सांगते.

मी शिवणीच्या लाकडाची. मोखाड्याकडच्या पुंजा सुताराने जव्हारात एका घराच्या चौकटी केल्या आणि उरलेल्या फळकुटातून मला काढलं. घर संस्थानच्या जंगलखात्यातल्या कारकुनाचं, वामनरावांचं. मला करून घेतलं त्यांच्या बायकोने, गोजाबाईने. आखूड पाय बघून ती पुंजावर कडाडली, "हे काय केलंस रे?"

पुंजा म्हणाला, "बाई, तुमची भुई वाकडी हाय. माझी घडवंची सरळच."

ती फसकन हसली. तेव्हाच कळलं, या बाईशी आपलं जमणार.

गोजाबाई चार यत्ता शिकलेली. आवाज असा, की ती ओटीवर वाचायला बसली की पलीकडच्या आळीतली म्हैस कान टवकारायची. चातुर्मासात दुपारी बायका जमायच्या. माझ्यावर पोथी, पोथीवर फूल, मला हळदकुंकवाची बोटं. पोथीचा एक नियम असतो. पोथीतला माणूस संकटात असताना पोथी बांधायची नाही. कुणी मरणाच्या दारात, कुणी बंदिखान्यात, तिथंच थांबलं तर ते ऐकणाऱ्याच्या घराला लागतं म्हणतात. सुटका होईपर्यंत वाचायचं, मग घरी दूध उतू जावो की पोर रडो.

पुढे वामनराव वाचनालयातून कादंबऱ्या आणू लागले. आणायचे स्वतःसाठी, वाचायची ही. पहिली कादंबरी तिने पोथीच्या रुमालात गुंडाळून माझ्यावर ठेवली. शेजारची गौराबाई काही कमी नव्हती.

"गोजे, कुठली गं ही पोथी? देवाचं नावच येईना."

"येईल. देव जरा उशिराच येतो."

"आणि हा घोड्यावरचा मेला कोण?"

"ऐकायचंय की घरी जायचंय?"

गौराबाईने मांडी बदलली. घरी कोण जातंय!

गोजाबाईच्या आवडीनिवडी कडक होत्या. एका कादंबरीत किल्लेदाराची मुलगी होती, तिला उठसूट मूर्च्छा यायची. "पडू दे मेलीला, आपण पुढे जाऊ," म्हणत ही थुंकी लावून पानं उलटायची. आवडायची ती नावाड्यावर जीव टाकणारी पोरगी. ती भर बाजारात त्याला विचारते, "मला नेणार आहेस, की नुसता बघणार आहेस?" ते पान वाचून वाचून फडक्यासारखं मऊ पडलं होतं. आणखी एक कादंबरी होती, तिच्यात नवराबायको म्हातारपणी एकमेकांच्या प्रेमात पडतात. ती मात्र गोजाबाईने कुणाला वाचून दाखवली नाही. एकटीच वाचायची, आणि त्या दिवशी वामनरावांच्या पानात ताक जरा घट्ट पडायचं.

एकदा एका पुस्तकाची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली निघाली. नायिका विहिरीच्या काठावर उभी, आणि पुढे नुसती भोकं. बायका उठू देईनात. मग गोजाबाईने मान खाली घालून, वाचल्यासारखं करत, पुढचं मनानेच सांगितलं. विहिरीला पाणीच नाही, खाली शेवाळ, पोरगी मऊ पडली, दोर घेऊन नायक आला. कुणाला संशयही आला नाही. माझ्यावर ठेवलेली तिची बोटं तेवढी ताल धरत होती.  चोरट्या आनंदाचा ताल होता तो.

दुसऱ्या दिवसापासून ती लिहायला बसली. वामनरावांनी कचेरीतून आणलेले पाठकोरे कागद, बोरू आणि मी. नायकाचं नाव ठेवलं चंद्रसेन. जव्हारात या नावाने हाक मारली असती तर कुत्रंही वळलं नसतं. चंद्रसेनाने नायिकेशी बोलायचं कसं, तिथंच गाडी अडली. लिहायची, खोडायची. शेवटी बोरू आपटून म्हणाली, "सगळ्या जन्मात मला एका पुरुषाने म्हटलं काय, तर आमटीत मीठ जास्त झालंय! मी कुठून आणू?"

अंगणात हिरी भात कांडत होती. डोंगरातल्या पाड्यावरची पोर, बापाचं नाव जिवा. गोजाबाईने तिथूनच विचारलं, "हिरे, तुझा तो फागू तुला काय गं बोलतो?"

हिरी लाजली, पण मुसळ थांबलं नाही. "तो काय बोलं नाय. दारात मोळी टाकून जातो. मोळीत एक काटकी सोललेली असती. ती माझी."

गोजाबाईने बोरू उचलला. मग भराभरा लिहू लागली. चंद्रसेनाची तलवार गेली, घोडा गेला, डोक्यावर मोळी आली. त्या दिवसापासून पुस्तक चालायला लागलं. हिरी कांडायची, बोलायची, आणि तिचं बोलणं माझ्या पाठीवर शाईचं होऊन उतरायचं.

दिवाळीनंतर फागू ठेकेदाराच्या लाकडाच्या गाड्यांबरोबर वसईकडे गेला. इकडे बायका ओटीवर गोजाबाईचं पुस्तक ऐकत होत्या. हिरी अंगणात. तिला ओटीवर चढायची मुभा नव्हती. माणसांचे असले नियम लाकडाला कळत नाहीत, मला तर मुळीच कळले नाहीत.

एका दुपारी चंद्रसेन परमुलखात तापाने पडला आणि लिहिलेली पानं संपली. गोजाबाईने रुमाल उचलला.

"खबरदार!" गौराबाई ओरडली. "तो तापात आणि तू पोथी बांधतेस? माझ्या घरात दोन लेकरं आजारी आहेत."

झालं. गोजाबाईने मान खाली घातली आणि कोऱ्या पानावरून वाचलं, "ताप उतरला. आणि शिमग्याची होळी विझायच्या आत तो तिच्या दारात उभा राहिला." बायकांनी सुस्कारे टाकले. पुस्तकावर फूल वाहिलं, मला कुंकू लावलं. अंगणातून हिरी पुढे आली आणि ओटीच्या कडेला कपाळ टेकून गेली.

तिने गोजाबाईला लिहिताना रोज पाहिलं होतं. पण पोथ्या उतरून काढतात हे तिला ठाऊक होतं, बाई तेच करते असं ती धरून चालली. जे घडवंचीवर येतं ते देवाचं. मोळी, सोललेली काटकी, सगळं त्यात निघालं होतं. बाईला ते तिनेच सांगितलं होतं, पण देवाने ते आधीच लिहून ठेवलंय असं तिला वाटलं.

होळी पेटली, विझली, राख थंड झाली. फागू आला नाही. आणि मग एक दिवस जिवा अंगणात येऊन बसला.

"बाई, पोरीला सांगा. मोखाड्याच्या देवरामाचं मागणं आलंय. माणूस चांगला, नांगर घरचा. ही म्हंते पोथीत निंगालंय, तो येल. देवराम पावसापोत थांबल, पुढं नाय थांबायचा."

गोजाबाईचा चेहरा मी इतका पडलेला कधी पाहिला नव्हता. जिवा गेल्यावर ती वामनरावांना म्हणाली, "तुम्ही वसईला जाताय ना माल मोजायला? फागूला शोधा. मानगुटीला धरून आणा."

वामनराव परत आले ते एकटेच. जोडे काढता काढता म्हणाले, "घर केलंय त्याने तिथं. बाई आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला बघून आत गेला."

गोजाबाईने तशीच हिरीला हाक मारली. "वर ये. ओटीवर ये म्हणते ना! हिरे, ती पोथी नाही. ते मी लिहिते."

"उतरून काढता ना?"

"कशावरून नाही गं बये. माझ्या टाळक्यातून."

"मंग शिमग्याला येल, ते?"

"तेसुद्धा. बायका उठू देईनात म्हणून." आणि मग आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "तो यायचा नाही. त्याने तिकडे दुसरी केली. ह्यांनी पाहिलं."

हिरी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच बोलले होते. मग म्हणाली, "तुमी लिवता, म्हंजी तुमच्या हातात हाय."

"काय?"

"त्याला मारा."

"अगं, काय बोलतेस?"

"पाड्याला सगल्यांना म्हाईत झालंय, हिरीचा मानूस येनार. आता काय सांगू, दुसरीसंगं बसला? बाया हसतील. देवराम जलमभर बोलून दाखवील. मेल्याला रडता येतं, बाई. टाकून गेल्याला नाय रडता येत."

"मरणावर पोथी बांधत नाहीत, हिरे."

"तुमचीच ना पोथी?"

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी गोजाबाईने सगळ्यांना बोलावलं. पाड्यावरच्या बाया अंगणात, जिवा कुंपणाशी, हिरी ओटीवर माझ्या शेजारी. गौराबाईच्या कपाळाला आठ्या. "ही वर कशी?"

"माझी ओटी आहे," गोजाबाई म्हणाली आणि वाचू लागली. आज चंद्रसेन नव्हता. सरळ फागू म्हणून वाचलं. लाकडाच्या गाड्यांबरोबर परत निघाला, वाटेत ताप चढला, गाडीखाली सावलीला निजला, तोंड डोंगराकडे करून. कंबरेच्या फडक्यात एक सोललेली काटकी होती. आणि मेला.

गोजाबाईने रुमाल घेतला आणि गाठ मारली.

"गोजे! पुढे वाच!"

"पुढे नाही."

"नाही म्हणजे? उठव त्याला! एखादा साधू आण, मुळी आण!"

"मेलाय गं तो," गोजाबाई म्हणाली. तिचा तो दांडगा आवाज मी असा फुटलेला कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात हिरीने हंबरडा फोडला. अंगणातल्या बायांनी तो उचलला. जिवाने डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. मग हिरी ओढ्यावर गेली आणि त्याच्या नावानं आंघोळ करून ओल्या केसांनी घरी गेली. वसईला फागू त्या वेळी भाकर खात असेल. खरं सांगते, मला ते आजही बोचतं. पण त्या ओल्या केसांना मी खोटं म्हणणार नाही.

पाऊस लागायच्या आत हिरी देवरामाच्या घरी गेली. गौराबाईचं वासरू दगावलं आणि खापर माझ्यावर फुटलं. हिच्यावर मरण बांधलंय, हिच्यावर पुन्हा पोथी नको. ओटी ओस पडली.

गोजाबाईने पुस्तक वामनरावांच्या हाती ठाण्याच्या एका छापखानेवाल्याकडे धाडलं. पुरणपोळीची कधी लागली नसेल अशी ओढ तिला पुस्तक छापून येण्याची लागली होती. आपलं नाव छापलेलं दिसावं, बस्स. छापखानेवाल्याचा निरोप आला, "बाकी झकास आहे. शेवटी नायकाला परत आणा, लगेच छापतो."

वामनराव म्हणाले, "आण की. हिरी थोडीच वाचणार आहे?"

गोजाबाईने कागद माझ्यावर मांडला. बोरू शाईत बुडवला. अंगणात पावलं वाजली. हिरी आणि देवराम बाजाराला आले होते, वाटेत डोकावले. हिरीने शाई बघितली. "परत लिवता?"

गोजाबाईला खोटं बोलता येत नसे, लिहिता येई तेवढंच. "छापणारा म्हणतो, त्याला जिता कर."

हिरीने कागद बाजूला सारला आणि मला उचलून काखेत घेतलं. "ही मला द्या. इथं ऱ्हायली तर तो उठल."

देवराम बावरला. "अगो, बाईंची वस्तू हाय."

गोजाबाईने बोरूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ने," एवढंच म्हणाली. पुस्तक पेटीत गेलं ते कायमचं. आता दुसरं लिहिते म्हणतात, मांडीवर कागद ठेवून.

मी मोखाड्याला आले. इथं अक्षर कुणाला येत नाही. हिरीने माझ्यावर पाण्याचा हंडा ठेवला.

आणि एका उन्हाळ्यात तो आला. फागू. केस विरळ, पायात तुटकी वहाण. अंगणात उभा राहून पाणी मागितलं. देवरामाने विचारलं, "कुठला रं तू?"

"वसईकडून आलो. हिकडचाच."

हिरी तांब्या घेऊन बाहेर आली. त्याने ओळखलं. हलकेच म्हणाला, "हिरे."

तिने पाणी ओतलं, त्याची ओंजळ भरेपर्यंत. "तुमच्यासारका एक होता," ती म्हणाली. "मेला तो. आमी रडलो त्याला."

फागूने पाणी पिऊन तोंड पुसलं आणि आलेल्या वाटेने गेला. देवराम म्हणाला, "बिचारा. वळख ना पाळख, नाव घेऊन हाक मारतो. डोकं फिरलेलं दिसतं." हिरीने हंडा घासला, विहिरीवरून भरून आणला, माझ्यावर ठेवला. ठेवताना पाणी माझ्या पाठीवर सांडलं. तिने ते पदराने टिपलं नाही. तशीच उभी राहिली, माझ्या कडेला धरून, माझा आखूड पाय डुगडुगायचा थांबेपर्यंत.

मी अजून इथंच आहे. जव्हारकडून कुणी पुस्तकवाले आलात तर या, बसा, पाणी प्या. पण मला मागू नका, आणि उचलू तर नकाच. हंडा भरलेला आहे.