टाकीच्याच पाण्यात तीनदा

मागच्या ईदला मूल गावातल्या आमच्या घरी काचेच्या टाकीत नऊ मासे होते. ईदनंतरच्या आठवड्यात दोन उरले. माझ्या सासूबाई खैरुन, म्हणजे अम्मी, म्हणाल्या, नजर लागली. सासरे म्हणाले, चंदननं बिमार मासे विकले. मी चंदनलाच फोन केला. त्यानं पहिलं विचारलं, फिल्टरचा स्पंज कुठं धुतला?

अम्मींनी तो नळाखाली धुतला होता. आमच्याकडं नापाक झालेली चीज वाहत्या पाण्यात तीनदा धुऊन तीनदा पिळतात, तेव्हा कुठं ती पाक होते. पण चंदन म्हणाला, त्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात आणि माशांची घाण तेच पचवतात. नळाच्या पाण्यातल्या जंतुनाशक औषधानं ते मेले, आणि मासे आपल्याच घाणीत गुदमरले. हे अम्मींना सांगायचं म्हणजे सात मासे तुम्ही मारले असं सांगणं. मी तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होते. गप्प बसले.

नंतर माझ्या नवऱ्यानं, जुबेरनं, सात नवे आणले. आमचा शहबाज आता दहा महिन्यांचा आहे. काचेवर पंजा ठेवतो, मासा जवळ आला की सगळ्या अंगानं हसतो, आणि झोपतो तो पंपाच्या घुंईघुंईवर. ती टाकी पुन्हा मेली असती तर ते मला बघवलं नसतं.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात अम्मींनी घर उपसायला घेतलं. पडदे झाले, डबे झाले. मग म्हणाल्या, उद्या टाकी. नको तरी कसं म्हणू? स्पंज खरंच तुंबला होता, फिल्टरची धार बारीक झाली होती. मी नळाचं पाणी घमेल्यांत भरून ठेवलं, दिवसभरात औषध उडून जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शहबाज झोपल्यावर पंप बंद केला. आता अर्धा तासच हातात होता. वाहतं पाणी नसलं की स्पंजातले जीव टिकत नाहीत, आणि घुंईघुंई नसली की शहबाजची झोप. स्पंज बाहेर काढला तर त्यातून तपकिरी चिखल गळत होता. अम्मींनी हात पुढं केला. नळ सुरूच होता.

"अम्मी, नळाखाली नाई."

"काऊन? त्याबिगर पाक होते का ते?"

मग वर्षभर पोटात ठेवलेलं सगळं हळू आवाजात सांगून टाकलं. मागच्या वर्षी आपल्याला माहीत नव्हतं, असं दोनदा म्हणाले. अम्मींनी नळ बंद केला. रोजानं सुकलेले त्यांचे ओठ हलले.

"म्हणजे ते मी केलं."

 मी पाइपनं टाकीतलंच पाणी तीन बादल्यांत काढलं आणि म्हणाले, "तीनदाच धुऊ. पण याच पाण्यात."

 अम्मींनी बाह्या वर सारून स्पंज स्वतः घेतला. पहिलं पाणी चहासारखं झालं, दुसरं त्याहून फिकं. तिसऱ्यात पिळूनही स्पंज तपकिरीच राहिला, तेव्हा त्यांचा हात घासणीकडं गेला.

"राहू द्या, अम्मी."

"घाण ठेवू?"

"घाण नाई. कामाचे लोक आहेत ते."

तव्यावर काळा ठिपका न ठेवणारी ही बाई. तिनं तो डागाळलेला स्पंज तसाच परत बसवला. त्या क्षणी मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितका माझ्या परीक्षांच्या निकालांचाही कधी वाटला नव्हता. घमेल्यांतलं पाणी टाकीत ओतलं, पंप लावला. शहबाज कुशीवर वळला आणि झोपलाच.

मागच्या वर्षी पाणी चौथ्या दिवशी दुधाळ झालं होतं. यंदाचा चौथा दिवस नेमका ईदचा. पहाटेच्या नमाजानंतर अम्मी टाकीसमोर उभ्या होत्या, ओठ हलत होते. दुआ करत असतील, असं मला वाटलं. जवळ गेले तर त्या मासे मोजत होत्या. पाणी लख्ख होतं आणि मासे नऊ.

दुपारी वरोऱ्याहून माझी नणंद तबस्सुम आली. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन टाकीवर वाकली आणि तपकिरी स्पंज बघून म्हणाली, भाभी, ईदलाही आळस?

"हात नको लावू त्याले," अम्मी म्हणाल्या. "धुतलाय तो. कसा धुवायचा, नाहीदले विचार."

मी सांगायला लागले. दुसऱ्या बादलीपर्यंत आले, तर अम्मींनी मला थांबवलं आणि पुढचं त्यांनीच सांगितलं.