चौसष्ट ब्रेकांची यादी

प्रणिता मूळची निपाणीकडची. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि आता बोम्मसंद्रातल्या कारखान्यात दोन्ही. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर तिथे तयार व्हायच्या. कोणत्या खुर्चीला कोणती मोटर बसवली, कोणता ब्रेक बसवला आणि ती खुर्ची पुढे कुणाच्या घरी गेली, हे सगळं डेटाबेसमध्ये असायचं. तो डेटाबेस सांभाळायचं काम प्रणिताकडे होतं, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला तपासणी विभागाचे प्रमुख श्रीहरी सर तिच्या टेबलापाशी आले. हातात ब्रेक पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र होतं; तेच ईमेलने प्रणितालाही आलं होतं.

"यातल्या चौसष्ट ब्रेकांच्या स्प्रिंगा मऊ निघाल्यात," ते म्हणाले. "सपाटीवर काही कळायचं नाही. पण उतारावर खुर्ची थांबलीय असं वाटेल आणि ती हळूहळू घसरत राहील. किती ब्रेक आपल्या गोदामात आहेत आणि किती लोकांच्या घरी गेलेत, ते मला साडेअकराच्या मीटिंगआधी सांग."

ब्रेकचा नंबर टाकला की तो कोणत्या खुर्चीला लागलाय ते दाखवणारा स्क्रीन प्रणिताने मागच्या वर्षीच केला होता. त्यामागची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, अगदी साधी होती. तिच्यात नंबरासाठी एक जागा मोकळी सोडलेली होती. स्क्रीनवर जे टाइप होईल ते त्या जागेत जाऊन बसायचं. या मोकळ्या जागेलाच पॅरामीटर म्हणतात. आजवर तिथे एका वेळी एकच नंबर जात आला होता. आज चौसष्ट होते. प्रणिताने स्क्रीनवरची चौकट मोठी केली, क्वेरीत 'हा नंबर' होतं तिथे 'या यादीतला कुठलाही नंबर' असा बदल केला, पत्रातले सगळे नंबर स्वल्पविराम देऊन एका ओळीत चिकटवले आणि बटण दाबलं.

एकही नोंद सापडली नाही.

"म्हणजे सगळे गोदामातच पडून आहेत," श्रीहरी सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसला. "बरं झालं. मी वरती कळवून टाकतो."

प्रणितालाही बरं वाटलं. ती कॉफी घ्यायला खाली गेली, तर तिथे पद्मावती अक्का भेटल्या. अक्का दुरुस्ती विभागात होत्या. त्यांचं घराणं बेंगळुरूत कित्येक पिढ्यांचं. घर जयनगरात, आणि बोलणं मराठीच, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की नवख्या माणसाला दोन वेळा ऐकावं लागायचं. प्रणिताने त्यांना सकाळची हकिगत सांगितली.

"एकही नाही?" अक्कांनी कप खाली ठेवला. "स्वल्प थांब. आमच्या गंगव्वाच्या खुर्चीला एप्रिलमध्ये नवा ब्रेक घातला. त्याच कंपनीचा. कार्ड मीच लिवलंय."

गंगव्वा म्हणजे जयनगरच्या बाजारात फुलं विकणाऱ्या बाई. अक्का गेली वीस वर्षं त्यांच्याकडून गजरे घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी गंगव्वांचे पाय गेले, तेव्हा एका संस्थेशी बोलून खुर्ची मिळवून दिली ती अक्कांनीच.

दोघी तशाच दुरुस्ती विभागात गेल्या. अक्कांनी फायलीतून कार्ड काढलं, प्रणिताने पत्र उघडलं. यादीत सतरावा नंबर तोच होता.

प्रणिताने जागेवर येऊन तो एकटाच नंबर स्क्रीनवर टाकला. गंगव्वा, जयनगर, फोन नंबरासकट समोर. पुन्हा सगळी यादी टाकली. काही नाही.

आता कारण तिच्या लक्षात आलं. डेटाबेसची काही चूक नव्हती. क्वेरीतली मोकळी जागा एकच होती, म्हणून तिथे आलेली अख्खी ओळ, स्वल्पविरामांसकट, त्याने एकाच ब्रेकचा नंबर समजून शोधली. एवढ्या लांबलचक नंबराचा ब्रेक कुठून असणार? डेटाबेस 'नाही' म्हणाला, ते खरंच होतं.

हे तिने अक्कांना सांगितलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "म्हणजे मास्तरांनी सगळ्या पोरांची नावं एका दमात, एकच नाव असल्यासारखी घेतली. उठणार कोण?"

"अगदी तसंच, अक्का."

"मग सरांना सांग जा. मी कार्डं काढून ठेवते."

श्रीहरी सर जिन्यात भेटले. प्रणिताने आडपडदा न ठेवता सांगितलं. "सर, सकाळचा आकडा चुकीचा आहे. यादी मी एकाच नंबरासारखी पाठवली होती. निदान एक खुर्ची तरी बाहेर आहे, आणि अजून असणार."

सर म्हणाले, "मी तर कळवून बसलो."

"चूक माझी आहे सर."

"बघायला मीही होतोच की. शून्य म्हटल्यावर मीही पुढे विचारलं नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"पाऊण तास."

"सरी, चालेल. कळवलेलं मी परत घेतो. पण घाई करू नकोस. दुसऱ्यांदा परत घ्यायला लावू नकोस म्हणजे झालं."

जवळचा रस्ता तिला माहीत होता. सगळे नंबर क्वेरीच्या मजकुरातच जोडून टाकले असते तर पाच मिनिटांत उत्तर आलं असतं. पण आधीच्या नोकरीत तिने त्याचे परिणाम पाहिले होते. बाहेरून आलेला मजकूर असा हुकमात मिसळला की एखाद दिवशी कुणीतरी त्या चौकटीत नंबराऐवजी भलतंच लिहितं आणि डेटाबेस तेही मुकाट्याने पाळतो. हा स्क्रीन उद्याही लोक वापरणार होते. तिने नीट करायचं ठरवलं.

एकाच रकान्याचा छोटा तक्ता तिने तयार केला. यादीतला प्रत्येक नंबर त्यात स्वतःच्या ओळीत बसवला आणि तो अख्खा तक्ताच पॅरामीटर म्हणून क्वेरीला दिला. जागा एकच, पण आता तिथे लांबलचक ओळ जात नव्हती, चौसष्ट वेगवेगळे नंबर जात होते. शिवाय सापडले किती आणि राहिले किती, हे दोन्ही आकडे स्क्रीनवर शेजारी शेजारी येतील अशी तिने सोय केली.

या वेळी चाळीस खुर्च्या सापडल्या. राहिले चोवीस.

तिने गोदामात फोन केला. तिथल्या माणसाने कपाट उघडून मोजले आणि तेवीस सांगितले. पुन्हा मोजायला सांगितलं, तरी तेवीसच.

एक ब्रेक ना खुर्चीत होता ना कपाटात. प्रणिताने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. खुर्च्यांत सापडलेले आणि गोदामातून फोनवर विचारून घेतलेले नंबर एकेक करून खोडले, तेव्हा उरला तो शेवटच्या ओळीतला. दिसायला बाकीच्यांसारखाच. कर्सर त्याच्या शेवटाला नेला तर तो एक घर पुढे जाऊन थांबला. पत्रातून उचलताना नंबराच्या मागे एक मोकळी जागा चिकटून आली होती. प्रत्येक नंबराच्या पुढची-मागची मोकळी जागा झटकून मगच तो तक्त्यात बसेल असा बदल तिने केला आणि बटण दाबलं. एक्केचाळीस आणि तेवीस.

श्रीहरी सरांनी तो कागद दोनदा वाचला. "बेरीज बरोबर येतेय," ते म्हणाले, आणि मीटिंगमध्ये सकाळची चूक झाकून न ठेवता दोन्ही आकडे सांगितले. नवे ब्रेक मागवायचे ठरले. थोडे चांगले ब्रेक हाताशी होतेच. उताराच्या जागी राहणाऱ्यांना ते आधी द्यायचे होते.

दुपारी अक्कांनी आणि प्रणिताने फोन वाटून घेतले. गंगव्वांचा फोन अक्कांनी प्रणिताकडे दिला. "तुझ्या भागातली आहे ती, बागलकोटची. तुझं कन्नड ऐकून खूश होईल."

"अव्वा, ब्रेक नीट लागतो का?" प्रणिताने आपल्या गावाकडच्या कन्नडमध्ये विचारलं.

"लागतो की. फक्त फुटपाथच्या उतारावर जरा सरकते खुर्ची. मी चाकाखाली वीट लावते." गंगव्वा बोलता बोलता थांबल्या. "तू कुठली गं?"

"निपाणीची."

"तरीच. ये की बाजारात."

संध्याकाळी पाचला कारखान्याचा मेकॅनिक मल्लाप्पा गाडी घेऊन जयनगरला निघाला. अक्कांना घरी जायचंच होतं. त्यांनी प्रणितालाही सोबत बसवलं. बाजारात गर्दी होती. गंगव्वा शेवंतीच्या ढिगामागे खुर्चीत बसून गजरे ओवत होत्या. पाचेक वर्षांची दोन मुलं समोरच्या उताराच्या तोंडाशी पत्ते मांडून खेळत होती. प्रणिताचं लक्ष त्या मुलांवरून हलेना.

मल्लाप्पाने गंगव्वांना स्टुलावर बसवलं आणि खुर्ची आडवी करून जुना ब्रेक काढला. एवढीशी गोल डबी होती ती, मुठीत मावेल अशी. बाजूला नंबर कोरलेला. प्रणिताने तो हातात घेऊन वाचला. गेली तीन वर्षं ती हे नंबर पाहत होती. ब्रेक मात्र आज पहिल्यांदा पाहिला.

अर्ध्या तासात नवा ब्रेक बसला. मल्लाप्पाने मुलांना बाजूला केलं. "अव्वा, उताराच्या मध्यावर न्या आणि हात सोडा."

गंगव्वांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मान हलवली. खुर्ची पुढे झाली, उताराला लागली, मध्यावर आली. गंगव्वांनी जॉयस्टिकवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. खुर्ची जागच्या जागी थांबली. मल्लाप्पा मनातल्या मनात वीसपर्यंत मोजत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. खुर्ची तसूभरही हलली नाही.

"आता वीट नको," गंगव्वा म्हणाल्या, आणि तिथे उतारावर बसूनच मल्लाप्पाच्या घरच्यांची चौकशी करू लागल्या.

उरलेल्या चाळीस खुर्च्यांना पुढचे नऊ दिवस लागले. पण त्या संध्याकाळपुरतं काम झालं होतं. अक्का पालेभाजी घ्यायला पलीकडच्या रांगेत गेल्या. गंगव्वांनी प्रणिताला जवळ बसवून घेतलं, सुई-दोरा हातात दिला आणि शेवंती कशी ओवायची ते दाखवलं. प्रणिताची पहिली चार फुलं वाकडी गेली. गंगव्वांनी ती काढून पुन्हा तिच्या हातात ठेवली, आणि ती नव्याने ओवायला लागली.