ओर्फिला आजीचा भोंगा

“वाल्दिरचा मायक्रोकंट्रोलर आकडा कुठल्या टोकाकडून बोलतो, ते आधी बघून घे,” ग्रासिएलाताई म्हणाली होती. वर्कशॉप तिचं, त्यामुळे मी मान हलवली आणि बाळाचा लंगोट बदलायला गेले. आकडा काय, आकडाच असतो!

तरी तपासलं होतं मी. ओढ्यातल्या खांबावर बसवलेला माझ्या दिराचा, वाल्दिरचा बोर्ड, म्हणजे तोच मायक्रोकंट्रोलर, पाणी मोजणार, ओर्फिला आजीच्या घरातल्या माझ्या डबीला आकडा पाठवणार आणि पाणी दोन मीटरच्या वर गेलं की भोंगा वाजणार. आजीचं घर ओढ्याला इतकं खेटून आहे की तिच्या कोंबड्यांचे पाय कायम ओले. सेंटिमीटरचा आकडा दोन बाइटांत, म्हणजे दोन तुकड्यांत जातो: एकीत दोनशे छप्पन्नचे गठ्ठे, दुसरीत उरलेले सुटे. मी चाचणीला दोनशे सत्तावन्न पाठवला, दोनशे सत्तावन्नच आला. संपलं, असं मला वाटलं.

आणि मग तो भोंगा! ओढ्यात गुडघाभर पाणी आणि डबी दिवसभर बोंबलतेय. माझ्या पडद्यावर पाण्याची उंची शंभर मीटर. म्हणजे रिवेरा गाव बुडालं, चर्चचं घंटाघरही बुडालं, फक्त मी कोरडी. वायर बदलली, बोर्डाची बॅटरी बदलली, सीमेच्या रस्त्यापलीकडे ब्राझीलच्या बाजूला राहणाऱ्या वाल्दिरला फोन करून झापलं.

“वहिनी, माझ्या टेबलावर सगळं नीट चालतंय.”

“मग तुझं टेबलच नेऊन ठेव ओढ्यात!”

त्यात बाळाचा, जोआकिनचा कान दुखायला लागला. त्याला कडेवर घेऊन दवाखाना गाठला आणि नवऱ्याने नाव लिहून दिलेलं कार्ड खिडकीतल्या कारकून बाईकडे सरकवलं.

“जोआकिन दुआर्ते? असा कोणी नाही.”

“अहो, लस इथेच दिलीत ना त्याला!”

“नाही म्हणजे नाही. बाजूला व्हा.”

माझ्या मागच्या बाईने नुसतं “पेरेइरा पेरेइरा” म्हटलं आणि तिच्या पोराची फाइल हजर. माझं डोकंच फिरलं. “त्यांची बरी पटकन सापडते!”

“त्याचे आईबाप दोघंही पेरेइरा, बाई. कुठूनही वाचा, तोच पोरगा. तुमचा नवरा पलीकडचा ना? ते आईचं आडनाव आधी लावतात, आपण बापाचं. कोणी कुठून लिहिलंय, ते मला काय स्वप्नात दिसतं?” माझं दुआर्ते सोडून कारकून बाईने नवऱ्याच्या ‘माचादो’चा कप्पा ओढला. माझं बाळ तिथे होतं.

मी मात्र दोनशे सत्तावन्नवर अडकले होते. एक गठ्ठा, एक सुटा. एक आणि एक. पेरेइरा पेरेइरा! कुठूनही वाचा, तोच आकडा. मी काही म्हणजे काही तपासलं नव्हतं.

कानात औषध घालून बाळाला मांडीवर झोपवलं आणि दोनशे अठ्ठावन्न पाठवला: एक गठ्ठा, दोन सुटे. पडद्यावर आला पाचशे तेरा: दोन गठ्ठे, एक सुटा. वाल्दिरचा बोर्ड सुटे आधी पाठवतो, माझी डबी पहिल्याला गठ्ठे समजते. एक ओळ बदलली, पाणी गुडघ्यावर आलं. मग उलटा हिशोब केला. पूर चढत बरोबर दोनशे छप्पन्न सेंटिमीटरवर आला असता, तर तीच डबी म्हणाली असती, एक सेंटिमीटर. आणि गप्प बसली असती.

मी धावत आजीकडे गेले. डबीचा प्लग उपटून तिथे ‘माते’ या कडू चहाच्या पाण्याची किटली लावलेली.

“आजी, आता दुरुस्त झालीय ती!”

“पोरी, ही किटली बरी. पाणी तापल्याशिवाय ओरडत नाही. तुझी डबी उगाच कोकलते.”

“आता खरंच पाणी वाढलं तरच वाजेल. शप्पथ.”

“हे तू गेल्या वेळीही म्हणालीस.”

डबीत बदललेली ओळ भरली, प्लग लावला. मी फाटकापर्यंत पोचते तोच आतून किटलीची शिट्टी ऐकू आली.

आता उत्तरेकडून ढग भरून आलेत, जोआकिनला ताप चढलाय, नवरा, एव्हर्तोन, कामावर आहे आणि आजी फोन उचलत नाही. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणी ओढ्याच्या पुलाकडे जाणार असेल, तर तेवढं ओर्फिला आजीला बघून या. डबी बंद आहे, एवढं मला इथून कळतं. प्लगला काय लावलंय, तेवढं बघा. किटली असेल तर काढा आणि आजी काय बोलेल ते ऐकून घ्या.